थिंकपॅड एक्स२३० + जीटीएक्स १०५० टीआय: एका लेनवर चाललेलं बाहेरचं ग्राफिक्स कार्ड

सामान: थिंकपॅड एक्स२३० (२०१२ सालचा, आय५-३३२०एम, ८ जीबी रॅम), ईएक्सपी जीडीसी बीस्ट डॉक (डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपला बाहेरून जोडणारा बोर्ड) एक्स्प्रेसकार्डच्या (लॅपटॉपच्या बाजूला जादा कार्डासाठी असलेल्या खाचेच्या) केबलसह, १०५० टीआय ४ जीबी, डेस्कटॉपचा साधा एटीएक्स पॉवर सप्लाय, १०८०पी मॉनिटर. विंडोज १०, ६४-बिट.

कार्ड निवडताना हिशेब असा होता. ७५ वॉट एवढीच भूक असल्यामुळे ६ पिनची वेगळी जोडणी नसलेलं मॉडेल चालतं, सगळी वीज स्लॉटमधूनच येते. त्यातली ६६ वॉट १२ व्होल्टच्या लाइनवर, म्हणजे साडेपाच अँपिअर. सप्लायवर ‘४५०’ छापलंय एवढ्यावर भुलू नका. स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. आणि याहून मोठं कार्ड या लॅपटॉपला लावणं म्हणजे बोळातून ट्रक घालणं.

बोळ किती अरुंद? एक्स्प्रेसकार्डला पीसीआय एक्स्प्रेस २.० ची (कार्ड आणि मशीन यांच्यातल्या डेटाच्या रस्त्याची) एकच लेन मिळते. ५ जीटी (५ अब्ज बिट) प्रति सेकंद, त्यातले दर १० बिटांमागे २ एन्कोडिंगमध्ये जातात, उरले सेकंदाला ५०० एमबी, तेही एका दिशेला. कूडा-झेड या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्षात ४०० च्या आसपास दिसलं की जोडणी ठणठणीत समजा.

वीजजोडणीत एकच गोष्ट कडक पाळायची: डॉकला फक्त त्याच्यासोबत आलेलीच तार. सीपीयूचं ८ पिन आणि ग्राफिक्सचं ८ पिन लांबून जुळी भावंडं वाटतात, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. कानस मारून बसवलंत तर धूर निघेल. डॉकवरचा पोर्ट एचडीएमआयच्या आकाराचा आहे, पण त्यातून चित्र जात नाही, पीसीआयचे सिग्नल जातात. मॉनिटर तिथे लावायचा नाही, कार्डाच्या पाठीवर लावायचा. सप्लायची पिन तीन टोकांची, आणि सॉकेटला अर्थिंग खरोखर असलेलं. जुन्या घरात ते नसलं तर डॉकच्या धातूला हात लागताच झिणझिण्या येतात.

पहिल्यांदा सुरू केलं: पंखा फिरला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र काहीच नाही. कारण फालतू निघालं. एक्स२३० चा स्लॉट ५४ मिमीचा, केबलचं कार्ड ३४ मिमीचं. उरलेल्या २० मिमीत त्याला आधार नसतो, त्यामुळे केबलच्या वजनाने ते तिरकं होतं आणि आतल्या पिना अर्ध्याच टेकतात. रिकाम्या जागेत जाड पुठ्ठ्याची पट्टी सरकवली, केबल टेबलाला चिकटपट्टीने बांधली. लॅपटॉप बंद, आधी सप्लाय चालू, मग लॅपटॉप चालू. या वेळी ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसला. ड्रायव्हर टाकण्याआधी सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर साफ करणारा प्रोग्रॅम) चालवून जुने अवशेष पुसले.

जीपीयू-झेडने (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) बस ‘एक्स१ १.१’, म्हणजे एक लेन पण जुन्या, कमी वेगाची, दाखवली तर लगेच हळहळू नका. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला लिंक खाली उतरते. त्याच ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून रेंडर टेस्ट सुरू करा; इथे आकडा लगेच २.० वर गेला.

खरा त्रास त्यानंतर. गेम सुरू असताना दर थोड्या वेळाने चित्र थिजायचं, ड्रायव्हर ‘रिकव्हर’ व्हायचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (विंडोजची हार्डवेअरच्या चुका टिपणारी सोय) १७ नंबरची नोंद, ओळीने डझनावारी. ही दुरुस्त झालेली त्रुटी असते: सिग्नल तारेत खराब होतोय, डेटा पुन्हा पाठवावा लागतोय. खात्री करायला बायोसमध्ये एक्स्प्रेसकार्डचा वेग जेन १ (पीसीआय एक्स्प्रेसची पहिली पिढी) वर आणला. नोंदी थांबल्या, म्हणजे कार्ड आणि ड्रायव्हर निर्दोष. पण वेग अर्धा, २५० एमबी. दोषी निघाली ती केबलची वाट: लॅपटॉपच्या अडॅप्टरवरून गुंडाळी करून नेली होती. ती सुटी केली, प्लग दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवला, वेग परत ऑटोमॅटिक. नोंदी बंद.

‘कोड १२’ (कार्डाला पुरेसे मेमरी-पत्ते मिळाले नाहीत अशी डिव्हाइस मॅनेजरमधली तक्रार) इथे आला नाही, पण तो येणाऱ्यांसाठी: ४ जीबीच्या कार्डाला ४ जीबी पत्ते लागतात हा गैरसमज आहे. हे कार्ड १६, २५६ आणि ३२ एमबीच्या पत्त्यांच्या तीन खिडक्या मागतं, बस. तेवढीही जागा ४ जीबीच्या खाली सलग नसली की हा कोड येतो. रॅमची एक पट्टी काढून पाहा; चाललं तर निदान पक्कं. मग बायोसमधून न लागणारी उपकरणं बंद करा, नाहीतर डीएसडीटी (बायोस विंडोजला देतो तो हार्डवेअरचा तक्ता) बदलण्याच्या वाटेला जा. लिनक्सवर कर्नलला ‘पीसीआय=रीअलॉक’ देऊन पाहावं.

लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर चित्र आणायचा मोह होतो. १३६६ गुणिले ७६८, दर ठिपक्याला ४ बाइट, सेकंदाला ६० फ्रेम: २५२ एमबी त्याच एका लेनने परत यायला लागतात. १०८०पीला हाच आकडा ४९८, म्हणजे परतीचा रस्ता तुडुंब. बाहेरचा मॉनिटर असला की हे ओझंच नाही. टेक्स्चर मात्र कार्डाच्या मेमरीत मावतील एवढीच ठेवा. ती ओसंडली की दर फ्रेमला रॅमकडे धाव, आणि सरासरी एफपीएस बरा दिसूनही खेळ अडखळतो. रिझोल्यूशन वाढवलं तर फारसं बिघडत नाही, कारण ते काम कार्डाच्या आतच उरकतं.

स्लीप बंद करून ठेवलंय. जागं होताना कार्ड गायब होतं आणि मशीन लटकतं. डॉकवरचे पीटीडी-सीटीडीचे (सुरू होताना विलंब घालणारे) स्विच अजून शून्यावरच आहेत. सुरू होताना कार्ड दिसलंच नाही तर आधी पीटीडी एक घर सरकवून पाहावं. चालू मशीनमधून केबल ओढायची नाही. पूर्ण शटडाउन, मग सप्लाय बंद, मग केबल.