बांबेर्ग: धुराच्या वासाची बिअर

जर्मनीतल्या बांबेर्ग स्टेशनावर उतरलो आणि सगळ्यात आधी जाणवला तो वास. भाजल्या धान्याचा, गोडसर, दाट. आई नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, वाळवते आणि मंद आचेवर भाजते. सत्व करायच्या त्या दिवशी निफाडच्या आमच्या घरात असाच वास भरून राहतो. दाजींनी लाल-पिवळ्या विटांच्या जुन्या इमारती दाखवल्या. वायरमान. 1879 पासून हे घराणं माल्ट बनवतं आणि जगभरच्या छोट्या ब्रुअरी ते मागवतात. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. नाचणीचं सत्व खाऊन वाढलेल्याला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जूनमध्ये एर्लांगेनला ताईकडे गेलो होतो. तिथून बांबेर्ग रेल्वेने जवळच. पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचं गाव आणि त्यात दहा-बारा ब्रुअरी, बहुतेक घरगुती, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झाली तेव्हा स्वतः बिअर बनवून तिथेच पाजणारी जागा आमच्यासाठी नवलाईची होती. इथे पंधराव्या-सोळाव्या शतकापासून गल्लोगल्ली तेच चाललंय. आम्ही ठरवलं: दिवसभर पायी फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी दोघांत एकच ग्लास घ्यायचा.

रेग्निट्झ नदीच्या मधोमध उभं असलेलं जुनं टाउन हॉल ओलांडून आधी श्लेंकर्ला या ब्रुअरीत गेलो. या घराचा उल्लेख 1405 सालापासून सापडतो. डुलत चालणाऱ्या एका मालकावरून हे नाव पडलं असं सांगतात. आत काळपट लाकडाच्या तुळया, लांब बाकं आणि ओकच्या पिंपातून थेट ग्लासात उतरणारी काळसर तपकिरी बिअर. ग्लास तोंडाशी नेला आणि थांबलो. धूर! नुसता धूर. दाजी म्हणाले, "सगळ्यांना आधी धुरी दिलेलं मांस आठवतं. घाई करू नकोस. पहिल्या घोटावर मत बनवायचं नसतं, असं इथले लोकच म्हणतात."

हा धूर वरून मिसळलेला नसतो. मोड आलेली बार्ली बीच लाकडाच्या जाळावर वाळवतात, तेव्हा तो दाण्यात मुरतो. एकेकाळी बहुतेक बिअर थोडीफार अशीच असायची, कारण धान्य वाळवायला उन्हाखेरीज जाळच होता. पुढे धूर न लागता नुसत्या गरम हवेवर माल्ट वाळवायच्या भट्ट्या आल्या आणि जगाने हा वास सोडून दिला. बांबेर्गमध्ये श्लेंकर्ला आणि श्पेत्सिआल या दोन घरांनी तो कधीच सोडला नाही. आजही दोघांचं माल्ट त्यांच्या स्वतःच्या भट्टीत, स्वतःच्या जाळावर होतं. मला या गावाची थोरवी यातच वाटली. गावाला 1993 साली जागतिक वारशाचा मान मिळाला, पण माझ्या लेखी ही भट्टी कॅथीड्रलच्या बरोबरीची आहे.

जेवायला कांदा मागवला. खिम्याने भरलेला अख्खा कांदा, वर धुराच्या बिअरचाच रस्सा. आणि इथे मला घरच भेटलं! बांबेर्ग हे माळ्यांचं गाव, कांद्यासाठी नावाजलेलं. इथल्या लोकांना 'त्स्वीबलट्रेटर' म्हणतात, म्हणजे कांदे तुडवणारे. कांदा पोसावा म्हणून ते उभी पात पायाने वाकवायचे. आमच्याकडे कांद्याच्या माना पडल्या की काढणीची तयारी सुरू होते. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर लावून उभं राहिलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. मी दाजींना अर्धा तास कांद्याबद्दलच सांगत बसलो.

दुपारी नदी ओलांडून पुन्हा स्टेशनाच्या बाजूला, श्पेत्सिआलमध्ये. हे घर 1536 चं. इथला धूर हलका, बिअरचा रंग तांबूस. दुसऱ्या घोटाला मला जे सकाळपासून आठवत नव्हतं ते आठवलं: हुरडा. थंडीतली पहाट, शेतातली आगटी, भाजलेलं कणीस हातावर चोळल्यावर येणारा कोवळ्या ज्वारीचा तो धुरकट गोडवा. दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा एक घोट घेतला आणि मान हलवली. अकरा वर्षांत त्यांनी हुरडा खाल्लेला नाही.

समोरच फेसला आहे, 1649 चं, म्हणजे युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध संपल्यावर लगेचचं. तिथे दारातल्या बोळकांडीत लोक उभ्याउभ्या पितात. मग वुंडरबुर्ग भागात मार्स ब्रॉय. तिथे नुसतं "ऊ" म्हणायचं. 'उनगेश्पुंडेट' या शब्दाचं ते पहिलं अक्षर: पिंपाला घट्ट बूच न लावता मुरवलेली बिअर. वायू निघून गेल्यामुळे फेस कमी, चव मऊ. या वाटेवर कुठे घाई दिसली नाही. ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर वाढणारा पेन्सिलीने रेघ मारतो, तोच हिशेब.

संध्याकाळी श्टेफान्सबेर्गच्या चढावर श्पेत्सिआलच्या केलरवर, म्हणजे तळघरावर गेलो. इथे तळघरात जात नाहीत, तळघरावर जातात. बिअर थंड राहावी म्हणून डोंगराच्या वालुकाश्मात गुहा खोदल्या, जमीन तापू नये म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली, आणि मग त्या सावलीत माणसं बसू लागली. खाली सगळं गाव, कॅथीड्रलचे चार मनोरे, नऊ वाजता अजून ऊन. मुलं खडीत खेळत होती.

एकाच बाकावर समोर एक आजोबा बसले होते. कुठून आलात, काय आवडलं, असं दाजींमार्फत विचारणं झालं. मी फोनमधला हुरड्याचा फोटो दाखवला: आगटी, कणसं, मागे उकिडवे बसलेले काका. आजोबांनी चष्मा वर करून फोटो मोठा करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "लाकूड कुठलं?"

मी म्हणालो, "गोवऱ्या."

दाजींना गोवऱ्यांसाठी जर्मन शब्द सुचेना. शेवटी त्यांनी गाईपासून सुरुवात केली आणि आजोबा पुढे सरकून ऐकू लागले.