पिशवीत मावेल तेवढंच

"बाळा, यातला एकच साबण नाही का मिळणार?"

भर शहरात नव्याने उघडलेलं दुकान. नाव मोठ्या साखळीचं, जागा मात्र छोटीशी. माझ्या पुढच्या आजींच्या हातात बारा साबणांचा गठ्ठा होता. त्यांनी तो कापडी पिशवीत आडवा घालून पाहिला, मग उभा. पिशवीचा बंद ताणला गेला. काउंटरवरचा मुलगा ओशाळून म्हणाला, "आजी, सुटं नाही येत. वरूनच असं येतं." आजींनी गठ्ठा परत ठेवला आणि रिकाम्या पिशवीची घडी घालत बस पकडायला निघाल्या.

तेव्हापासून मनात तेच घोळतंय. दुकान लहान केलं, पण माल अजून गाडीच्या डिकीच्या मापाचाच! शहराबाहेर पार्किंग असतं, गठ्ठे खपतात. इथे माणूस पायी येतो, दोन हातांत मावेल तेवढंच नेतो. भाडं जास्त, गोदाम एवढंसं, त्यामुळे फळीवरची वीतभर जागाही विचार करून भरावी लागते.

अमेरिकेत टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने २०१२ मध्ये शिकागो, सिअ‍ॅटलसारख्या शहरांत अशी दुकानं काढली आणि छोट्या दुकानांचा तो प्रयोग पुढे वाढवत नेला. वॉलमार्टची २०११ पासूनची 'एक्स्प्रेस' नावाची छोटी दुकानं मात्र २०१६ मध्ये गुंडाळली गेली. म्हणजे नुसतं आकाराने लहान होऊन भागत नाही.

मला ही दुकानं चालायला हवी आहेत, अगदी मनापासून. गाडी नसलेल्यांनाही सगळं एका छताखाली मिळायला नको का?

तुम्ही चालत खरेदीला जाता तेव्हा काय काय तसंच ठेवून परत येता?