आमचं एकही फंक्शन नसलेला स्टॅक

प्रोग्रॅम उडाला की विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घटनांच्या नोंदवहीत, एवढंच उरायचं: डॉट नेट रनटाइममध्ये (सी शार्पचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेत) अंतर्गत बिघाड, एक्झिट कोड ८०१३१५०६. आमच्या लॉगमध्ये एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) नाही, स्क्रीनवर संदेश नाही. चालता चालता खिडकी गायब. मग चाकणहून फोन यायचा, "सर, तुमचं सॉफ्टवेअर परत झोपलं."

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या लाइनवर ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगचा फोटो काढून खरचटे, भोकं, कडा तपासणारं आमचं स्टेशन बसवलेलं. वरचा भाग, म्हणजे स्क्रीन, पीएलसीशी (लाइनच्या कंट्रोलरशी) बोलणं, रिपोर्ट वगैरे, सी शार्पमध्ये, डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर. प्रतिमेवरचं खरं काम सी प्लस प्लसच्या डीएलएलमध्ये, म्हणजे वेगळ्या लायब्ररीत. मधे पी-इन्व्होकचा, म्हणजे सी शार्पमधून अशा नेटिव्ह कोडला हाक मारण्याच्या सोयीचा, पातळ रॅपर. तो आम्हाला वारशाने मिळाला होता आणि वर्षानुवर्षं चालतोय म्हणून कुणी उघडून पाहत नव्हतं.

टीममध्ये पहिली सूचना अपेक्षित तीच आली: सगळ्या कॉलभोवती ट्राय-कॅच, म्हणजे एक्सेप्शन पकडणारा कोड, घाला. याने काही होत नाही, हे एकदाचं स्पष्ट असलेलं बरं. २०१० मध्ये डॉट नेट ४ आलं तेव्हापासून मेमरी बिघडल्याची लक्षणं असलेली एक्सेप्शनं साध्या कॅचपर्यंत पोहोचतच नाहीत. आणि ८०१३१५०६ म्हणजे तर रनटाइमनेच हात टेकलेत. तिथे पकडायला कुणी शिल्लक नसतं.

दुसरा संशय कॉलबॅकवर. नेटिव्ह कोडला डेलिगेट (परत हाक मारायच्या फंक्शनचा पत्ता बाळगणारं ऑब्जेक्ट) दिलं आणि सी शार्पच्या बाजूने ते कुठेच धरून ठेवलं नाही, तर गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी साफ करणारा रनटाइमचा भाग, ते उचलून नेतो आणि कॅमेरा पुढच्या फ्रेमला रिकाम्या पत्त्यावर हाक मारतो. या प्रकारात हा रोग नेहमी आढळतो. पण इथे डेलिगेट स्टॅटिक फील्डमध्ये व्यवस्थित बांधलेलं होतं. स्ट्रक्चरचे आकारही दोन्हीकडे जुळत होते. विंडोजवर सी प्लस प्लसचा लाँग ४ बाइटचा आणि सी शार्पचा ८ चा, हा जुना सापळाही तपासून झाला.

म्हणजे डंप, अर्थात क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची नक्कल, घेणं आलं. विंडोजच्या एरर रिपोर्टिंगला रजिस्ट्रीत लोकलडंप्स नावाची की आहे. तिथे डंपचा प्रकार २ ठेवला की प्रोसेसची सगळी मेमरी फाइलमध्ये उतरते. काहीच न सांगितल्यास मिनीडंप मिळतो, आणि त्यात मॅनेज्ड हीप, म्हणजे सी शार्पच्या ऑब्जेक्ट्सची मेमरी, नसल्यामुळे आमच्यासारख्या केसमध्ये तो फारसा कामाचा नाही. अडचण वेगळीच निघाली. पूर्ण डंपमध्ये ग्राहकाच्या पार्टचे फोटोही असतात, त्यामुळे फाइल आवाराबाहेर न्यायला मनाई. म्हणजे कोथरूडहून रोज मोशीच्या ट्रॅफिकमधून चाकण गाठायचं आणि विनडबग हा डीबगर त्यांच्याच मशीनवर लावायचं. त्या मशीनला इंटरनेट नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टची सिम्बॉल्स (पत्त्यांवरून फंक्शनची नावं सांगणाऱ्या फाइली) उतरवता येईनात. त्यावर उपाय आहे, पण फार कमी जणांना तो ठाऊक असतो. सिमचेक या टूलने डंपमधल्या मॉड्यूल्सची मॅनिफेस्ट फाइल, म्हणजे यादी, बनवायची, ती काही केबींची टेक्स्ट फाइल आयटीवाल्यांना दाखवून बाहेर न्यायची, इंटरनेट असलेल्या मशीनवर त्यावरून सिम्बॉल्स उतरवायची आणि परत आणायची. आयटीवाल्यांनी ती फाइल ओळ न् ओळ वाचली. वाचू दे बापडे.

सिम्बॉल्स लागल्यावर स्टॅक, म्हणजे क्रॅशच्या वेळी कुठलं फंक्शन कुणाला हाक मारत होतं ती यादी, दिसला, आणि त्यात आमचं एकही फंक्शन नव्हतं. सगळं सीएलआर डीएलएलच्या, म्हणजे रनटाइमच्याच, आतलं, गार्बेज कलेक्टरचं मार्किंग (कोणते ऑब्जेक्ट वापरात आहेत ते टिपणं) चाललेलं. ऑफिसात ताबडतोब निष्कर्ष निघाला की बग मायक्रोसॉफ्टचा आहे. माझा यावर बिलकूल विश्वास नव्हता. खालच्या फ्लॅटच्या छतातून पाणी गळत असतं तेव्हा नळ वरच्याचा फुटलेला असतो. कलेक्टर हीपवरून एकेक ऑब्जेक्ट पाहत जातो, म्हणून कुणीही केलेली घाण त्याच्याच पायाखाली येते.

मग पेज हीप, ही विंडोजची मेमरीवर पहारा ठेवण्याची सोय. जीफ्लॅग्ज या टूलने ते चालू केलं की मेमरीचं प्रत्येक ॲलोकेशन पानाच्या शेवटाला चिकटवलं जातं आणि पुढचं पान बंद ठेवलं जातं. त्या बंद पानावर लिहायला गेलं की जागच्या जागी क्रॅश. स्टेशन धापा टाकत चाललं, लाइनवरच्यांनी शिव्या घातल्या, आणि शेवटी प्रोग्रॅम उडाला तो पूर्वीसारखाच: ८०१३१५०६, कलेक्टरमध्ये. पेज हीपला काहीच सापडलं नव्हतं.

हा नकारच मला सगळ्यात मोलाचा वाटला. पेज हीपचं लक्ष फक्त विंडोजच्या हीपवर असतं, म्हणजे सी प्लस प्लसमध्ये मॅलॉक, न्यू यांनी घेतलेल्या मेमरीवर. डॉट नेट आपल्या ऑब्जेक्ट्ससाठी थेट व्हर्च्युअल मेमरीचे मोठे तुकडे घेतं आणि आत स्वतः वाटणी करतं. अशा प्रोसेसमध्ये दोन संसार असतात, आणि फुटलं होतं ते दुसऱ्याच्या घरात. आता प्रश्न असा की सी प्लस प्लसचा कोड मॅनेज्ड हीपवर लिहील कसा? उत्तर रॅपरच्या फंक्शनच्या सहीतच, म्हणजे पॅरामीटरच्या यादीतच, होतं. पी-इन्व्होकला बाइट ॲरे दिला तर त्याची नक्कल होत नाही. रनटाइम तो ॲरे कॉलपुरता जागेवर खिळवतो आणि त्याचाच पत्ता नेटिव्ह कोडच्या हातात देतो. मर्यादा पाळणं मग त्या कोडच्या सद्सद्विवेकबुद्धीवर.

डंप परत उघडला, विनडबगवर डॉट नेटसाठीचं एसओएस एक्स्टेन्शन चढवलं आणि मॅनेज्ड हीप तपासणारी व्हेरिफायहीप ही कमांड चालवली. कमांड जरा वेळ घेते, पण तिने बिघडलेल्या ऑब्जेक्टचा पत्ता दिला आणि त्याच्या आधीचा शेवटचा धडधाकट ऑब्जेक्टही सांगितला. बिघडलेल्या जागी मेथड टेबलचा (ऑब्जेक्टचा प्रकार सांगणाऱ्या तक्त्याचा) पत्ता असायला हवा होता. तिथे २६, २७, २६, २५ असे आकडे ओळीने बसलेले. हे पत्ते नाहीत, हे पिक्सेल आहेत! काळ्या कन्व्हेयर पट्ट्याचा करडा रंग. आणि शेवटचा धडधाकट ऑब्जेक्ट म्हणजे ८,१७,६०० बाइटचा एक ॲरे.

म्हणजे रुंदी १,०२२ गुणिले उंची ८००. १,०२२ ला ४ ने भाग जात नाही.

इथून पुढे कागदावरचं काम होतं. आमची लायब्ररी प्रतिमेची प्रत्येक ओळ ४ च्या पटीत सुरू करते, बीएमपीत असते तशी. म्हणजे १,०२२ ची ओळ तिच्या लेखी १,०२४ ची, आणि एकूण जागा ८,१९,२००. रॅपर मात्र रुंदी गुणिले उंची एवढाच ॲरे बनवत होता. दर फोटोमागे सुमारे दीड हजार बाइट शेजाऱ्याच्या घरात. जुन्या पार्टच्या रेसिपीत, म्हणजे सेटिंगमध्ये, तपासणीची चौकट १,०२४ अशी टाइप केलेली, म्हणून वर्षानुवर्षं काही झालं नाही. नव्या हाऊसिंगची चौकट कुणीतरी माउसने ओढली होती.

शिफ्ट सुपरवायझर पहिल्यापासून सांगत होते, "हे नवीन हाऊसिंग आल्यापासनं चालू झालंय बघा." त्यावर आमच्याकडून उत्तर जायचं की जुना पार्ट चालू असतानाही क्रॅश होतो, अगदी चहाच्या सुट्टीत नुसता लाइव्ह व्ह्यू असतानाही. दोन्ही खरं होतं. ८५,००० बाइटच्या वरचे ऑब्जेक्ट वेगळ्या हीपवर जातात आणि तो हीप फक्त जनरेशन २ च्या, म्हणजे कलेक्टरच्या क्वचित होणाऱ्या पूर्ण, फेरीत साफ होतो. नासधूस सकाळी, पंचनामा दुपारी.

अंदाज पक्का करायला एक छोटा बदल केला. चाचणीच्या बिल्डमध्ये ॲरेऐवजी तेवढीच मेमरी डॉट नेटच्या मार्शल क्लासमधल्या ॲलॉकएचग्लोबलने घेतली. ती विंडोजच्या हीपवरून येते, म्हणजे पेज हीपच्या नजरेखाली. पहिल्याच फोटोला प्रोग्रॅम मेमकॉपीमध्ये (मेमरी नकलणाऱ्या फंक्शनमध्ये) जागीच पडला, वर आमच्या लायब्ररीचं फंक्शन, आणि ओळीचा काउंटर ७९८. हिशेब केला तर बरोबर तीच ओळ: ७९८ गुणिले १,०२४ म्हणजे ८,१७,१५२, आणि तिथून ४४८ बाइटनंतर कुंपण. डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये नेटिव्ह कॉलवरून परतताना दर वेळी कलेक्शन घडवून आणणारा एक डीबगिंग असिस्टंटही आहे. त्याने गुन्हा आणि क्रॅश यांतलं अंतर कमी होतं. मला त्याची गरज पडली नाही.

दुरुस्ती दोन ओळींची, वाद मात्र लांबला. लायब्ररीवाल्यांचं म्हणणं, ओळीची लांबी विचारायला आम्ही फंक्शन दिलंय, ते रॅपरने वापरावं. माझं म्हणणं, बफर किती मोठा आहे हे न विचारता त्यात लिहिणारं फंक्शनच मुळात चूक. शेवटी दोन्ही झालं. रॅपर ओळीची लांबी विचारून ॲरे बनवतो, आणि प्रत्येक फंक्शनला बफरची लांबी हा आणखी एक पॅरामीटर मिळाला. जागा कमी पडली तर लायब्ररी काही न लिहिता एरर कोड परत करते.

नवी आवृत्ती सगळ्या स्टेशनांवर गेली, आणि त्याच आठवड्यात भोसरीच्या एका स्टेशनवर तो एरर कोड झळकला. तिथला कॅमेरा रंगीत आणि त्याचं रॅपरमधलं फंक्शन वेगळं, त्यात अजून रुंदी गुणिले ३ (दर पिक्सेलला ३ बाइट) एवढाच हिशेब होता. त्या स्टेशनवरून आजवर क्रॅशची एकही तक्रार आलेली नव्हती.