डावीकडची ओढ सापडली: ६ मिलिमीटर!

मागच्या वेळी माझ्या मारुती ८००च्या लोअर आर्मचे (पुढचं चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, बदलून काम संपलं असं लिहिलं होतं. संपलं नव्हतं. डिचोलीहून म्हापशाला जाताना माझी ८०० तशीच डावीकडे ओढायची, ब्रेक दाबला की जास्तच. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे थोडी ओढ मी धरूनच चालतो. पण ही त्यातली नव्हती.

चाकांची अलाइनमेंट (कोन जुळवणी) दोनदा केली. दोन्ही वेळा स्क्रीनवर सगळं हिरवं. ८००ला पुढे टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर किती वळलेली, तो कोन) सोडून फिरवायला काही दिलेलंच नाही, त्यामुळे टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला जाणारा दांडा) फिरवून दुकानदाराने विषय संपवला. मला चैन पडेना. पुढचे टायर डावे-उजवे बदलले, ओढ डावीकडेच. ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून ग्रीस लावलं, काही फरक नाही.

रविवारी अंगणात गाडी सरळ उभी करून ओळंबा आणि टेप घेतला. पुढच्या चाकाच्या हबच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या हबच्या मध्यापर्यंत उजवीकडे २१७५ मिलिमीटर, अगदी कंपनीचा आकडा. डावीकडे २१६९! तीनदा मोजलं.

८००मध्ये आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो तो स्टॅबिलायझर बारच (दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दांडा), वेगळा रॉड नाही. त्याच्या टोकाचा बुश बाहेरून ठणठणीत दिसला म्हणून मी हात लावला नव्हता. नट काढला तर रबर बोटाला चिकटलं. गिअर ऑइल झिरपून पार मऊ. म्हणजे ब्रेक लागला की चाक आणखी मागे, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी, आणि कमी कॅस्टरच्या बाजूला गाडी जाणारच.

दोन्ही बाजूंना नवे घातले. ओरिजिनलच घ्या. स्वस्तातला मी दुकानात नखाने दाबून पाहिला, खूण तशीच राहिली. लोअर आर्मचे बोल्टही सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळले. मागच्या वेळी आर्म लटकत असतानाच आवळले होते. तसं केलं की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता डावीकडे २१७४. दोरी लावून टो पुन्हा जुळवला, कारण आर्म हलला की टो हलतोच. काल म्हापशाच्या उतारावर जोरात ब्रेक दाबला, स्टिअरिंग जागचं हललं नाही. इतका आनंद झाला की परत फिरून तोच उतार पुन्हा उतरलो.

रबराऐवजी टणक पॉलियुरेथेनचे (पॉलीचे) बुश घालायचा बेत होता, तो टोकांसाठी रद्द. तिथे बारला वळायला जागा हवी, रबरच बरं. पण लिहिता लिहिता वाटतंय, चेसिसवरच्या क्लॅम्पमध्ये पॉली घालून बघावं. त्याआधी गिअरबॉक्सचं सील, नाहीतर नवा बुशही तेलात जाईल. मेस्तला (मेकॅनिकला) सांगून ठेवलंय, चवथीच्या आधी सील बदलायचं.