हातात आला, तर कुठे?

मी बेसबॉल शिकायला लागलो तेव्हा तिशी उंबरठ्यावर आली होती आणि अंगात सगळं क्रिकेट मुरलेलं. पहिल्याच दिवशी बॉल बॅटवर छान बसला आणि मी बॅट हातात घेऊनच फर्स्ट बेसकडे, म्हणजे पळत गाठायच्या पहिल्या कोपऱ्याकडे, सुटलो. लोक हसले, कारण इथे बॅट टाकून पळतात. ती खोड लवकर गेली. दुसरी जायला दोन महिने लागले: बॉल मारल्यावर 'पळू की नको' असा मी विचार करायचो. फाऊलच्या रेषांच्या आत बॉल राहिला की पळायचंच, मग तो पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, पायाशी का घुटमळेना.

आता सुट्टीच्या दिवशी मी तीन गटांना शिकवतो. सात-आठ वर्षांची चिल्लीपिल्ली, अकरा-बारा वर्षांची पोरं आणि हौशी मोठी माणसं. पहिल्या वर्षी तिघांनाही एकच धडा दिला, फक्त पोरांपुढे आवाज गोड करून. एका चिमुरडीला म्हणालो, "कंबर आधी फिरव, हात मागून येऊ दे, पुढचा खांदा आत ठेव." ती टीसमोर, म्हणजे बॉल ठेवायच्या उभ्या दांडीसमोर, पुतळ्यासारखी उभी राहिली आणि मग रडायला लागली. तिला खरं तर एवढंच सांगायला हवं होतं की टी पाडायची नाही, बॉल उडवायचा. आता तेवढंच सांगतो.

या वयात खरा प्रश्न भीतीचा असतो. बॉल अंगावर आला की मान वळते, डोळे मिटतात आणि ग्लोव्ह भलतीकडे जातो. 'घाबरू नकोस' म्हणून कुणाची भीती गेल्याचं मी पाहिलेलं नाही. मऊ बॉल दिला की जाते. त्यासोबत एकच नियम: बॉल छातीवर आला तर बोटं आभाळाकडे, कमरेखाली आला तर बोटं जमिनीकडे. ग्लोव्हशिवाय, नुसत्या हातांनी आधी हा खेळ करून घेतो.

अकरा-बारा वर्षांच्या पोरांना झेलता येतं, फेकताही येतं. बेसमधलं अंतर 60 फूट, पिचर 46 फुटांवर, त्यामुळे मैदान आवाक्यात असतं. अडतं ते डोकं. माझा एक शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून आलेला बॉल, सुरेख उचलायचा आणि दर वेळी डोळे झाकून फर्स्टला फेकायचा. फर्स्टवर रनर उभा असताना मागून बॅटर येतो म्हणून त्याला पळावंच लागतं; सेकंडला फेकलं तर तो पोचण्याआधी बॉल घेऊन बेसवर पाय ठेवला की बाद, म्हणजे फोर्स आऊट जवळच्या जवळ मिळतो, शिवाय तिथून फर्स्टला फेकून डबल प्लेची, एकाच फटक्यावर दोघांना बाद करायची, आशा. रनर फक्त सेकंडवर असेल तर मात्र त्याच्यावर पळायची सक्ती नाही, थर्डवर नुसता पाय ठेवून भागत नाही, त्याला टॅगच करावं लागतं, म्हणजे हातातला बॉल अंगाला लावावा लागतो. आणि सगळ्यात चकवणारी गोष्ट: फर्स्ट बेसमनने आधी आपल्याच बेसवर पाय ठेवून बॅटर बाद केला, की पुढच्या रनरवरची सक्ती उठते. मग सेकंडला बॉल पोचला तरी टॅग हवाच. हे फळ्यावर तीनदा समजावलं आणि तीनदा पाण्यात गेलं. मग प्रत्येक पिचआधी, म्हणजे पिचरने बॉल टाकण्याआधी, खेळ थांबवून कुणाही एकाला विचारायला लागलो, "हातात आला, तर कुठे?" उत्तर चुकलं तरी ओरडायचं नाही, फक्त बॉल त्यालाच जाईल असा मारायचा. महिन्याभरात पोरं एकमेकांना विचारू लागली.

याच गटात माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून सलते. एक पोरगा फार सुंदर टाकत होता, सामना अटीतटीचा होता आणि मी पिच मोजल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला केस विंचरायला हात वर नेता येईना. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमात या वयाला दिवसाला 85 पिचची मर्यादा आहे आणि 66 किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस विश्रांती. मला आकडे पाठ होते! मोजत मात्र नव्हतो. तेव्हापासून खिशात काउंटर असतो.

मोठ्यांची अडचण उलटी. त्यांना आधीच खूप येतं. विकेट वाचवायची सवय इतकी खोल असते की अवघड बॉलला अलगद बॅट लावतात. क्रिकेटमध्ये टाळ्या मिळतील अशा त्या डिफेन्सवर बॉल पिचरकडे घरंगळतो, तो फर्स्टला फेकतो आणि आपले साहेब निम्म्या वाटेत बाद. बेसमधलं अंतर आता 90 फूट आहे, ते धावून कापायला वेळ लागतो. पोरांना 'असं कर' म्हटलं की पुरतं, यांना आधी 'का' सांगावं लागतं आणि मग वाद घालावा लागतो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

परवा आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांनी थर्ड आणि शॉर्टस्टॉपच्या मधून खणखणीत फटका मारला. फर्स्टवर व्यवस्थित पोचले, धापा टाकत वाकले आणि मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. बॅट तिथेच होती.