सात वाजता रात्र करणारा वॉर्ड

आमच्या वॉर्डात संध्याकाळी सात वाजता रात्र होते. जूनमध्ये बाहेर दहापर्यंत उजेड असतो, तरी आम्ही पडदे ओढतो, छतावरचे दिवे मंद करतो आणि प्रत्येक बाळाच्या काचेच्या पेटीवर जाडसर गोधडी टाकतो. डिसेंबरात उलटं. चारच्या आत सूर्य बुडतो, पण वॉर्डातला दिवस सातपर्यंत चालूच.

मी इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमपासून जवळच, कमी दिवसांच्या बाळांची नर्स आहे. हे सगळं आईला सांगितलं तर ती सांगलीहून म्हणाली, "अगं, एवढं मोठं हॉस्पिटल आणि दिवे मालवून बसता? बाळाला काही झालं तर दिसायचं कसं?"

तिचा मुद्दा जुन्या डॉक्टरांचाच आहे. बाळ निळं पडतंय की पिवळं, हे दिसायला हवं म्हणून अशा वॉर्डात चोवीस तास लख्ख दिवे असायचे. मी पूर्वी जिथे काम केलं तिथेही रात्री दोन आणि दुपारी दोन यांत फरक कळत नसे. आता रक्तातला ऑक्सिजन, हृदयाचे ठोके मॉनिटर सांगतो. सुई लावायची असेल तर एकाच पेटीवरचा दिवा लावायचा, बाळाच्या डोळ्यांवर सावली धरायची आणि शेजारच्या पेटीची गोधडी नीट आहे ना ते बघायचं. सव्विसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाच्या पापण्या इतक्या पातळ असतात, की डोळे मिटले तरी उजेड आत जातोच.

नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तब्येतीने बऱ्या असलेल्या ४१ कमी दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटाच्या खोलीत संध्याकाळी सात ते सकाळी सात उजेड आणि आवाज कमी ठेवला, दुसऱ्या गटाच्या खोलीत रात्रंदिवस सारखंच. हॉस्पिटलात असेपर्यंत दोन्ही गटांत काही फरक दिसेना. फरक दिसला तो घरी गेल्यावर. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेनंतर तीन महिन्यांनी रात्र अनुभवलेली बाळं दिवसाकाठी सरासरी दोन तास जास्त झोपत होती आणि त्यांचं वजन अर्ध्या किलोने जास्त होतं. एवढ्याशा अभ्यासावर सगळा डोलारा उभा करू नये हे खरं. पण दिव्याचं बटण बंद करायला खर्च तरी काय येतो?

मग कायमचा अंधारच का नको? पोटात अंधारच असतो, असं वाटून काही ठिकाणी दिवसभर पेट्या झाकून ठेवायचे. शिवाय उजेडामुळे कमी दिवसांच्या बाळांचा डोळ्यांचा पडदा बिघडतो, अशी भीती होती. अमेरिकेत ४०० हून अधिक बाळांना जन्मापासून चोवीस तासांच्या आत उजेड अडवणारे गॉगल घालून ते तपासलं. १९९८ मध्ये निकाल आला : आजार कमी झाला नाही. आणि पोटात तरी नुसता अंधार कुठे असतो? आईच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक, रात्री वाढतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं, म्हणजे रात्र झाल्याची खबर त्याला मिळत असते. सातव्या महिन्यात जन्मलं की ती बंद. रात्री काढलेल्या आईच्या दुधातही मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतंच. बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहितात, ती म्हणून मला फार कामाची वाटते.

उजेडाचं दुसरं रूपही याच देशात सापडलं. एसेक्समधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर कमी दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंग फिकट झालेलं, पण त्वचेचा एक त्रिकोण गडद पिवळा. सिस्टरांनी काही रंग लावला की काय, अशी डॉक्टरांना शंका आली. चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तेवढा भाग पिवळा राहिला होता, बाकी अंगाची कावीळ उन्हाने उतरली होती. पुढे कावीळ झालेल्या बाळाच्या रक्ताचा नमुना असलेली काचेची नळी खिडकीत उन्हात राहिली आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, अपेक्षेपेक्षा बरंच कमी भरलं. डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी निळ्या ट्यूबलाइटचा पाळणा बनवला आणि १९५८ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडे "बाळाला निळ्या लाइटखाली ठेवलंय" म्हणतात, ते हेच. निळा प्रकाश बिलिरुबिनची घडण बदलतो, मग ते शरीराबाहेर पडू शकतं.

गंमत म्हणजे इथल्याच मार्गदर्शक सूचना आज सांगतात, काविळीवर उपचार म्हणून ऊन वापरू नका. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, कोवळी कातडी भाजते. निळ्या दिव्याखालीही आम्ही बाळाचे डोळे झाकतो आणि बिलिरुबिन उतरलं की दिवा लगेच काढतो. औषधासारखाच हिशेब.

घरी निघालेले आईबाप घाबरलेले असतात, रात्रभर मोठा दिवा लावून बाळाकडे बघत बसतात. त्यांना मी सांगते, रात्रीचं दूध मिणमिणत्या दिव्यात द्या, सकाळी पडदे सताड उघडा. तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ काचेत असेल, तर तिथल्या सिस्टरना विचारायला हरकत नाही : रात्री पेटीवर गोधडी टाकता येईल का?