मावशी, येऊ का दुबईला?

गेल्या आठवड्यात ताईच्या मुलाचा मेसेज आला. "मावशी, दुबईची ऑफर आहे, ८००० दिरहम. येऊ का?" आणि खाली विमानाचं चित्र. एमईपीवाला आहे तो, म्हणजे बिल्डिंगमधलं एसी-वीज-प्लंबिंग बघणारा, पुण्यात चार वर्षं साइटवर धूळ खाल्लीये. महिनाअखेर होती, मी ऑफिसात मान वर न करता बसलेले, म्हटलं संध्याकाळी कळवते. संध्याकाळी लिहायला घेतलं तर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. हो म्हणावं तरी पंचाईत आणि नको म्हणावं तर तो म्हणणार, मग तू का नाही येत परत? म्हणून एकदाचं सगळं इथे ओकून टाकतेय.

आधी पैशाचं. सगळे पैशासाठीच येतात, एक्सपोजर वगैरे शब्द नंतर सुचतात. मी २०१४ ला आले तेव्हा एका दिरहमचे साडेसोळा-सतरा रुपये यायचे, आता तेवीसच्या वर गेलाय. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ ला एक डॉलर, तो हलतच नाही, त्यामुळे रुपया पडला की तिकडे टीव्हीवर आरडाओरडा आणि इकडे घरी पैसे पाठवायच्या एक्सचेंजसमोर रांग. मीपण उभी राहिलेय त्या रांगेत, आणि मनातल्या मनात अजून थोडा पडू दे असंही म्हटलंय, खोटं कशाला बोलू. पगारावर इन्कम टॅक्स नाही हेही खरंच. २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, पण त्याचं कोणी एवढं मनावर घेत नाही.

पण बाळा, ८००० म्हणजे ८००० नसतात. मी त्याला पहिला प्रश्न हाच केला की बेसिक किती आणि अलाउन्स किती. त्याला वाटलं मावशी उगाच अकाउंट्सवाल्या शंका काढतेय. अरे, इथे पीएफ नाही, पेन्शन नाही, सोडून जाताना मिळते ती ग्रॅच्युइटी, आणि ती बेसिकवर. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढे ३० दिवसांचं. बेसिक ३२०० असेल तर वर्षाला २२४० दिरहम पडतात, ५००० असेल तर ३५००. पगार तोच, कागद तोच, आणि दहा वर्षांनी हिशोबाला बसलं की पोटात खड्डा पडतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांना सांगितलं होतं म्हणे, पण ह्यांनी मला सांगितलं नाही, तो वेगळा विषय.

दुसरं घर. आम्ही पहिलं वर्ष शारजात काढलं, अल नाहदाला, एका मल्याळी कुटुंबाबरोबर शेअरिंगमध्ये. बाहेरच्या हॉलला जिप्समचं पार्टिशन टाकून तिसऱ्या एकाला दिलेलं, तो रात्री खोकला की आम्ही जागे. फ्रिजचा मधला कप्पा आमचा. पहिल्या महिन्यात मी दुधाच्या कॅनवर मार्करने रेघ मारून ठेवायचे की किती उरलंय, आणि एक दिवस बघितलं तर त्या मल्याळी चेच्चीच्या कॅनवरपण रेघ. दोघी एकमेकींकडे बघून जे हसलो ना, त्यानंतर कोणी रेघा मारल्या नाहीत. ती आता कोट्टयमला परत गेली, अजून ओणमला मेसेज करते.

स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा चेकचा प्रकार कळला. भाडं महिन्याला नसतं इथे, वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे, दोन, चार, मालकाच्या मर्जीप्रमाणे. तेव्हा चेक बाउन्स झाला की थेट पोलीस केस व्हायची, २०२२ च्या जानेवारीपासून तो कायदा बराच सैल झाला, पण आमची पहिली काही वर्षं चेकच्या आदल्या रात्री दर दहा मिनिटांनी बॅलन्स बघण्यातच गेली. त्यात आलं देवा. म्हणजे डेवा, दुबईचं वीज-पाणी खातं, पण आमच्या घरात पहिल्या दिवसापासून "देवाचं बिल आलं" असंच म्हणतात, आणि जुलै-ऑगस्टचं आलं की आपोआप "देवा!" असंच तोंडातून निघतं. वर त्याच बिलात वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी बारा महिन्यांवर वाटून लावलेली असते, ती नवीन माणसाला कोणी सांगत नाही. घर बघताना एजंट "चिलर फ्री" म्हणाला की खूश व्हायचं, म्हणजे एसीच्या कूलिंगचे पैसे भाड्यातच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चिल्लर फ्री ऐकलं आणि विचारलं, कसली चिल्लर?

उन्हाळ्याबद्दल काय लिहू. चिपळूणची आहे मी, घामाची सवय आहे, पण हे प्रकरण वेगळं. जूनपासून थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी येतं, टाक्या गच्चीवर, त्या दिवसभर तापतात. मग युक्ती अशी की गीझर बंद ठेवायचा, त्याच्या टाकीतलं पाणी बाथरूमच्या गारव्यात निवतं, आणि आंघोळीला गरमचा नळ सोडायचा. उन्हाळ्यात थंड पाणी हवं तर लाल खूण, निळी खूण विसरूनच जायची. माझी मुलगी लहानपणी आजोळी गेली तेव्हा लाल नळ फिरवून भाजली होती थोडी, तिचा काय दोष.

आता चांगलं सांगते, नाहीतर ताई म्हणेल हिला पोराचं बरं बघवत नाही.

बायकांच्या बाजूने बघ. पुरुष लोक दुबईबद्दल लिहितात तेव्हा टॅक्स, रस्ते, गाड्या, पण माझ्यासाठी दुबई म्हणजे रात्री साडेअकराची ग्रीन लाइन. महिनाअखेरचे हिशोब क्लोज करायचं काम संपवून बुरजुमानला चढते, स्टेडियमला उतरते, मेट्रोचा लेडीज डबा, जमिनीवर गुलाबी पट्टा, तो ओलांडून पुरुष आला तर १०० दिरहम दंड. एखादा नवखा चुकून येतो, तेव्हा कोणीतरी आज्जी नुसतं बोट खाली पट्ट्याकडे दाखवते आणि तो बिचारा दोन्ही हात वर करून मागे सरतो. स्टेशनपासून घर बारा मिनिटं चालत, एकटी, कानात इयरफोन. अकरा वर्षांत एकदाही मागे वळून बघावं लागलं नाही. पुण्यात होते तेव्हा साडेनऊला रिक्षात बसलं तरी नंबर आईला पाठवत होते. आणि अजून एक, हे जरा हळू सांगते, इथे कोणी विचारत नाही. किती वाजता आलीस, काय घातलंयस, पाहुण्यांना चहा दिलास का, श्रावण पाळलास का. सासूबाई चांगल्या आहेत हो, पण त्या डोंबिवलीत चांगल्या आहेत. माझ्या ओळखीच्या निम्म्या बायका नवऱ्यापेक्षा जास्त विरोध करतात परत जायला, आणि कारण विचारलं तर मुलांची शाळा सांगतात.

शेजार हाही एक फायदा. आमच्या बिल्डिंगमध्ये खेडची भाभी आहे, कोकणी मुसलमान, नवरा पंचवीस वर्षं इकडे. खेड-चिपळूण म्हणजे काय, मधे परशुराम घाट आणि गप्पा मारेपर्यंत गाव येतं. पण गावात असते तर मी कधी तिच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहिले असते का, प्रामाणिकपणे विचारलं तर नाही. इथे तिच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि माझं सोलकढीचं भांडं वर-खाली फिरत असतं. कोकम, भाजणी, मेतकूट सगळं मिळतं, त्यासाठी रडायची गरज नाही.

मग जे सलतं ते. एकाच कामाला पासपोर्ट बघून पगार, हे मी माझ्या पहिल्या नोकरीत डोळ्यांनी बघितलंय, कारण पगाराची शीट मीच बनवायचे. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईला तेच काम, अनुभव माझ्याहून दोन वर्षं कमी, आणि आकडा दुप्पट. शीट सेव्ह केली आणि चहा प्यायला गेले, काय करणार. पण मग आपणही कोणाच्या तरी वरच उभे आहोत हे सोनापूरला गेलं की कळतं. लेबर कॅम्प तिकडे, कागदावर नाव मुहैसना. मुंबईच्या जुन्या लोकांना सोनापूर म्हटलं की स्मशान आठवतं, आणि इथे एका खोलीत सहा-आठ बंक, आणि माणूस गेला तर घरी पाठवण्याआधी मृतदेह टिकवायचं एम्बाल्मिंगही त्याच भागात होतं. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे, बऱ्यापैकी पाळतातही, पण सकाळी अकराचं ऊन काही सावलीचं नसतं. आमचा पोरगा साइटवर जाणार आहे, हातात ड्रॉइंग घेऊन उभा राहणार, तरी त्याने आधी एकदा तिकडे चक्कर मारावी असं मला वाटतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे "सध्या". इथलं सगळं सध्यापुरतं. व्हिसा दोन वर्षांचा, तो नोकरीला बांधलेला, मग आयुष्यच दोन-दोन वर्षांच्या तुकड्यांत कापलं जातं. गोल्डन व्हिसा दहा वर्षांचा असतो, तो आमच्यासारख्यांसाठी नाही. आमच्या हॉलच्या भिंतीला एक खिळा नाही. ड्रिल मारलं की घर सोडताना डिपॉझिटमधून कापतात म्हणून गणपतीचा फोटो टू-वे टेपवर, घड्याळ शोकेसवर टेकवलेलं. चांगला सोफा घेऊ म्हटलं की हे म्हणणार, कशाला, दोन वर्षांत जायचंय. हे २०१५ पासून म्हणतायत. तो जुना सोफा दुबिझल या सेकंडहँड वस्तूंच्या साइटवर ३०० दिरहमला घेतलेला, त्याचा एक पाय हलतो, त्याखाली पुठ्ठा आहे. गावी बांधलेल्या फ्लॅटमध्ये सागवानी सोफा आहे, प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.

नोकरी गेली तर काय हा प्रश्न डोक्याच्या मागे सतत चालू असतो. २०२० मध्ये ह्यांचा पगार निम्मा केला आणि तेव्हा नोकरी सुटली की ३० दिवसांत गाशा गुंडाळायचा नियम होता, आता मुदत वाढवलीये. २०२३ पासून नोकरी गेल्याचा विमापण सक्तीचा आहे, महिना ५ दिरहम, बेसिक १६ हजारांच्या आत असेल तर. तीन महिने बेसिकच्या ६० टक्के मिळतात. म्हणजे परत बेसिकच.

२०२१ च्या जुलैत बकरी ईदची सुट्टी होती. २२ तारखेला सकाळी उठले तर फोनवर चाळीस-पन्नास मेसेज. चिपळूणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. आमचं घर वाशिष्ठी नदीपासून फार लांब नाही. आईचा फोन बंद, ताई तेव्हा तिच्याकडेच होती, तिचापण बंद. खाली भाभीकडे गेले तर तिची तीच अवस्था, खेडात जगबुडी नदी चढलेली. ईदचं निम्मं जेवण तसंच टेबलावर, आणि आम्ही दोघी तिच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून कोणीतरी फॉरवर्ड केलेले व्हिडिओ थांबवून थांबवून बघतोय की ही आपली गल्ली का. नेहमी व्हॉट्सअ‍ॅप कॉल चालत नाही म्हणून शिव्या घालतो आणि बोटिम अ‍ॅपवर बोलतो, त्या दिवशी काहीच चाललं नाही. विमान होतं. जाता आलं असतं. पण एप्रिलअखेरीपासून भारतातून इकडे यायला बंदी होती, गेले असते तर परत कधी येणार माहीत नाही, नोकरी, मुलगी, ह्यांचा अर्धा पगार. मी तिकिटाचं पान उघडून बसले होते, पैसे भरायच्या पायरीपर्यंत जाऊन. दीड दिवसाने ताईचा फोन आला, शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर सुखरूप होत्या. तोपर्यंत मी ते पान बंद केलेलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंदी उठायला लागली, रेसिडेंट लोकांसाठी.

पुढच्या मे महिन्यात गेले. घराला रंग दिलेला, फरशी नवीन, फक्त जिन्याखाली चिखलाची एक रेघ पुसायची राहिलेली, माझ्या खांद्याच्याही वर. आई भाजी आणायला गेली होती म्हणून मी पर्समधून किल्ली काढली आणि लावली तर फिरेचना. कुलूप बदललं होतं, जुनं पाण्यात गंजलं ना. आई आली, म्हणाली, अगं सांगायचं राहिलंच, आणि तुला कुठे लागतेय किल्ली, तू काय महिनाभर असतेस. सहज म्हणाली ती, तिच्या मनात काही नव्हतं. ती जुनी किल्ली अजून माझ्या पर्सच्या त्याच कप्प्यात आहे, मेट्रोच्या नोल कार्डाबरोबर.

तर त्याला आत्ता एवढंच पाठवलंय: बेसिक किती ते लेखी माग. व्हिसाचा खर्च कंपनीचा असतो, एजंटने एक रुपया मागितला तरी उठून ये. डिग्रीचं अटेस्टेशन आत्तापासून करायला घे, वेळ लागतो. पहिले दोन महिने माझ्याकडे राहा, हॉलमध्ये सोफा आहे, उजव्या बाजूला जोरात बसू नकोस.

ब्लू टिक आलीये. टायपिंग दिसतंय, मग थांबतंय, परत दिसतंय.